शेवटची पट्टी

कराडजवळच्या मलकापुरात हायवेला लागून हिंदुराव बनसोडे यांचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याचा गाळा, त्यात दहा-बारा उघड्या पडलेल्या पेट्या, एक बाक आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, भीमगीतांच्या पार्ट्यांच्या पेट्या तिथेच यायच्या. पेटी तयार झाली की हिंदुराव ती गिऱ्हाइकासमोर वाजवून दाखवायचे, आणि सगळं झाल्यावर उजवीकडची अगदी शेवटची पट्टी एकदाच दाबायचे. मग मान वळवून दाराकडे बघत राहायचे. गिऱ्हाईक समोर बसलेलं, दारात कुणी नाही, आणि हा माणूस कुणीतरी आत्ता येणार असल्यासारखा तिकडे बघतोय. पोरं त्यांची नक्कल करायची. "मिस्त्रीची बायको येतीया चहा घिऊन," म्हणायची. मिस्त्रींना बायको नव्हती.

दाराकडे बघणं त्यांनी चौऱ्याण्णवच्या डिसेंबरपासून सोडलं. पट्टी दाबायचे, पण मान वळवायचे नाहीत. का सोडलं ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो, आणि त्याच दिवशी मला सांगलीपर्यंत एसटीत उभ्यानं यावं लागलं.

माझं सांगायचं तर मी अजितकुमार मगदूम, कोयनानगरच्या वसाहतीत ओव्हरसियर. बिऱ्हाड सांगलीत, नोकरी कोयनेत. एसटीत उभं राहणं म्हणजे माझ्या मते निव्वळ हलगर्जीपणा. गाडी लागता लागता खिडकीतून रुमाल आत टाकायचा, जागा आपली. बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही उभा राहिलो नव्हतो, आणि हे मी कुणी न विचारता सांगत असे. दुसरी गोष्ट, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. कोयनेत नोकरी करणाऱ्याला तो परवडतच नाही. तिथे फडताळातली भांडी आपोआप वाजतात, दारं हलतात, आणि सकाळी वेधशाळेतला माणूस सांगतो, काही नाही, दोन पूर्णांक आठचा धक्का होता. कारण एवढं हाताशी असलं की भुताची गरज पडत नाही.

वसाहतीत साहेब लोकांचा जुना क्लब आहे. धरणाचं काम चालू असताना तिथे परदेशी इंजिनियर यायचे, त्यांच्यातल्या कुणीतरी एक पियानो आणून ठेवला. सदुसष्टच्या भूकंपात क्लबच्या मागच्या दगडी खोल्या पडल्या, पण पुढचा हॉल उभा राहिला आणि पियानोही राहिला. त्याच्या झाकणाची किल्ली हरवली होती, म्हणून सत्तावीस वर्षं त्याचा उपयोग कॅरमबोर्ड ठेवायला झाला. मी क्लबचा सेक्रेटरी होतो, म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही तो मनुष्य.

तर मला पत्र आलं नीलिमा दातार यांचं. आमच्या जुन्या मोठ्या साहेबांची ही मुलगी. लहानपणी याच क्लबात एका परदेशी बाईंकडे पियानो शिकली आणि पुढे जर्मनीत जाऊन मोठी वादक झाली. तिला अकरा डिसेंबरला, भूकंपाच्या दिवशी, गेलेल्या लोकांच्या आठवणीसाठी त्याच पियानोवर एकटीनं वाजवायचं होतं. संगीत बरोक, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन आणि फ्रेंच लोकांचं. मी हो म्हटलं आणि वेळ दुपारी चारची ठरवली. मी जैन, सूर्य मावळायच्या आत माझं जेवण व्हायला हवं. लोकांना मी थंडीचं कारण सांगितलं.

प्रश्न पियानोचा होता. पुण्याच्या कारागिरानं फोनवरच हात झटकले. मग कुणीतरी मलकापूरच्या मिस्त्रींचं नाव सांगितलं. पेटी जमते त्याला पियानोही जमेल, असा माझा सरळ हिशेब.

दुकानात जाऊन मी कोयनानगर एवढं म्हणतोय तोच हिंदुरावांनी मान हलवली. "न्हाई सायेब. सत्तावीस वर्सं झाली, मी पाटणच्या म्होरं पाऊल टाकल्यालं न्हाई."

"क्लबातला पियानो आहे हो. दुसरा कुणी येत नाही."

त्यांच्या हातातली कानस थांबली. "आजून हाय त्यो?"

"आहे."

"शेवटची पट्टी वाजती का त्येची?"

मला काय माहीत? मी म्हटलं, तुम्हीच येऊन बघा. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते हजर होते.

कार्यक्रमाला चार दिवस होते. नीलिमाताई आदल्या दिवशीच विश्रामगृहावर उतरल्या होत्या. हिंदुरावांनी एका वाकड्या तारेनं झाकणाचं कुलूप काढलं आणि आम्ही तिघं आत वाकलो. सत्तावीस वर्षांत उघडलेलं नव्हतं ते. आतल्या हातोड्यांना कसर लागली होती, तारांवर गंज होता, पण पट्ट्या स्वच्छ होत्या. पिवळ्या पडलेल्या, पण स्वच्छ, सकाळीच कुणी फडकं मारल्यासारख्या. मी त्यांच्यावरून बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही.

"झाकण घट्ट असलं की धूळ जात नाही," मी म्हणालो.

नीलिमाताईंनी मिस्त्रींना एक गोष्ट नीट समजावली. "उजवीकडच्या टोकाच्या आठ-दहा पट्ट्या सोडून द्या. हे संगीत लिहिलं गेलं तेव्हाच्या वाद्यांना एवढ्या पट्ट्याच नव्हत्या. माझा हात तिकडे जाणारच नाही."

"बरं ताई," हिंदुराव म्हणाले.

आणि पहिला अख्खा दिवस त्यांनी कशावर घालवला असेल? शेवटच्या पट्टीवर. संध्याकाळी मी बघायला गेलो तर मधल्या पट्ट्या मुक्या, आणि हे गृहस्थ उजव्या टोकाला मिरजेहून आणलेली सतारीची तार चढवतायत. हातोडीला नवी चामड्याची वादी, नवी बारीक स्प्रिंग, सगळं मनापासून केलेलं. मी भडकलो.

"मिस्त्री, ताईंनी काय सांगितलं होतं? ती पट्टी त्यांना लागत नाही!"

"त्यास्नी न्हाई लागत," ते शांतपणे म्हणाले आणि पट्टी दाबली. टिंग झालं. बारीक, स्वच्छ आवाज. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि उगाचच मीही पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पलीकडे फाटकाची कडी तेवढी हलत होती. वारा असेल.

त्यांची आणखी एक खोड माझ्या लक्षात आली. बरोबर पाच वाजता, काम कुठेही असो, ते हत्यारं खाली ठेवायचे, फाटकाबाहेरच्या सुरूच्या झाडाखाली जाऊन उभे राहायचे आणि दहा मिनिटांनी परत यायचे. बिडी नाही, चहा नाही. तिसऱ्या दिवशी मी मागोमाग गेलो आणि विचारलंच, "कुणाची वाट बघताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तवा मी हितं धरनावर खलाशी, म्हंजी हरकाम्या मजूर व्हतो सायेब. आमचं गाव कडेगावाकडं. छप्पन साली दीक्षा घेतली तवा बा म्हनला, आता गावकीची कामं करायची न्हाईत, आन समद्यांस्नी घिऊन कोयनंवर आला. हितंच माजं लगीन झालं. अंजना नाव तिचं. ती ह्या क्लबात झाडलोट करायची."

"मग?"

"म्यानेजर लय कडक. पियानो पुसला का न्हाई ते बगाय त्यो खुर्चीतनं उठायचा न्हाई, म्हनून त्यानं नेम घालून दिलता. फडकं मारत मारत टोकाला आलं की शेवटची पट्टी येकदा दाबायची. टिंग झालं की काम झालं, सुट्टी. मी हितं झाडाखाली सायकल घिऊन हुबा आसायचो. टिंग ऐकू आलं की दोन मिन्टात ती भाईर. मागं बसायची, आन आमी नदीपल्याड झोपडीकडं."

त्यांनी सुरूच्या खोडावर हात टेकला.

"त्या दिशी आयतवार व्हता. लेबर क्यांपात पडद्यावर शिनेमा लागलाता. दोस्त म्हनला, चल लवकर, म्होरं जागा धरू. तेवढ्यात आत टिंग झालं. मी ऐकलं सायेब. ऐकलं आन पायडल मारलं. म्हनलं, यील चालत. ती भाईर आली आसंल, हितं बगितलं आसंल. आंधार पडला, नदीची वाट, म्हनून मागल्या खोलीत सैपाकीनबाईजवळ झोपली."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. पहाटे सव्वाचारच्या सुमाराला मागच्या खोल्या पडल्या, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची पत्र्याची झोपडी जशीच्या तशी राहिली. लग्नाला पाच महिने झाले होते. त्यानंतर त्यांनी कोयना सोडली, मिरजेत वाद्यांच्या कारखान्यात कारागिरांच्या हाताखाली काम शिकले आणि मलकापुरात दुकान टाकलं. दुसरं लग्न केलं नाही.

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. "मग आता तुमचं काय म्हणणं आहे? तुम्हीच पट्टी दाबायची आणि तुम्हीच इथे येऊन उभं राहायचं, याला काय अर्थ आहे?"

"मी दाबून काय व्हतंय? दुसऱ्या कुनी दाबाय पायजे." मग ते जरा अजिजीनं म्हणाले, "पारूबाईस्नी सांगून ठिवलंय मी. परवा कार्येक्रम झाला की त्या पियानो पुसतील आन शेवटची पट्टी दाबतील. तवा मी हितं हुबा आसंन. येकदा टिंग व्हावं आन मी हलू नये, येवढंच हाय बगा."

पारूबाई म्हणजे क्लबातली आत्ताची झाडणारी बाई. चांगली पन्नाशीची, कुणाला न भिणारी. मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "व्हय, दाबीन की. पन येक सांगू का सायेब? त्यो मी कवा पुसत न्हाई. पुसायच्या आदीच पुसल्याला आसतो." मी त्यांना कामाला लागा म्हटलं.

अकरा तारखेला सकाळी नीलिमाताई सरावाला बसल्या. पियानो खरंच सुरात आला होता, मिस्त्रींच्या कानाला तोड नव्हती. अर्धा तास छान गेला आणि अचानक मधलीच एक पट्टी मुकी झाली. नीलिमाताईंनी पुन्हा दाबली, पुन्हा काही नाही. त्या पट्टीवाचून त्यांचा एकही तुकडा पुरा होत नव्हता. मिस्त्रींनी आत हात घातला. हातोडीची वादी तुटली होती आणि स्प्रिंग मोडली होती.

"दुसरी आहे?"

"दुकानात हाय. जाऊन यीपातुर सांज व्हईल." त्यांनी पुन्हा आत डोकावून पाहिलं. बाकीच्या वाद्या कसरीनं खाल्लेल्या. अख्ख्या पियानोत एकच नवी वादी आणि एकच नवी स्प्रिंग शिल्लक होती, आणि ती कुठे होती ते मला आणि त्यांना माहीत होतं.

नीलिमाताईंना माहीत नव्हतं. मी त्यांना सांगू शकलो असतो. पण हॉलमध्ये दीडशे खुर्च्या मांडून झाल्या होत्या, साहेबांना निमंत्रणं गेली होती, आणि मी तोंड उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

हिंदुरावांनी उजव्या टोकाची ती शेवटची हातोडी काढली. तिची वादी सोडवली, स्प्रिंग सोडवली, मधल्या पट्टीला लावली. नीलिमाताईंनी दाबून पाहिलं, वाजली. "तुम्ही नसता तर काय झालं असतं!" त्या म्हणाल्या.

"पेटी वाजिवनाऱ्याची आसती ताई," ते म्हणाले. उरलेली छोटी लाकडी हातोडी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली. बाहेर पारूबाई भेटल्या, त्यांना सांगितलं, "आता पुसू नगा. काय उपेग न्हाई." त्यांचा आवाज अगदी साधा होता. मी तिथून निघून गेलो, कारण मला ते बघवेना.

चारला हॉल भरला. शाली, कानटोप्या, खोकला. मी पहिल्या रांगेत, हिंदुराव शेवटच्या रांगेत दाराजवळ. मला त्या संगीतातलं काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. एवढं कळलं की उजवा हात काहीतरी म्हणतो, डावा मागाहून तेच म्हणतो, मग दोघं एकमेकांना सोडून लांब जातात आणि शेवटी कुठेतरी गाठ पडते. कधी गाठ पडायला फार वेळ लागायचा. तेव्हा मी मागे वळून बघायचो. हिंदुराव डोळे मिटून बसलेले असायचे.

शेवटचा तुकडा संथ होता. पाचला दोन-चार मिनिटं असतील. नीलिमाताईंनी शेवटचे सूर धरून ठेवले, ते विरू दिले, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. टाळ्या अजून सुरू व्हायच्या होत्या. हॉलमध्ये एकाही माणसानं श्वास सोडला नव्हता.

टिंग.

बारीक, स्वच्छ. मी पहिल्या रांगेत होतो, मी पाहिलं. उजव्या टोकाची शेवटची पट्टी खाली गेलेली होती आणि हळूहळू वर येत होती, बोट काढल्यावर येते तशी. नीलिमाताईंचे हात मांडीवरच होते. त्या मान वळवून त्या पट्टीकडे बघत होत्या. पारूबाई बाहेर व्हरांड्यात होत्या, मला खिडकीतून दिसत होत्या.

मी मागे पाहिलं. हिंदुरावांनी खिशात हात घातला होता. त्यांनी ती हातोडी बाहेर काढली, तळहातावर ठेवून बघितली आणि हळूच बाजूच्या खुर्चीवर ठेवली. मग ते उठले. धावले नाहीत. एवढ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि मी सेक्रेटरीचं काम सोडून, हातातला हार पारूबाईंकडे देऊन, त्यांच्या मागे गेलो.

ते सुरूच्या झाडाखाली उभे होते. डावा हात जरासा पुढे, सायकलचं हँडल धरल्यासारखा. फाटक बंद होतं. मी व्हरांड्याच्या पायरीवर थांबलो, कारण मला भीती वाटत होती. होय, वाटत होती. फाटकाची कडी निघाली आणि फाटक माणूसभर उघडलं. वारा नव्हता. हिंदुराव हलले नाहीत. त्यांच्या तोंडावर हसू आलं, लाजल्यासारखं. मग ते एका बाजूला सरकले आणि स्टँडकडे चालू लागले. रस्ता मोकळा होता तरी कडेकडेनं, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

मी आत आलो. नीलिमाताईंनी विचारलं, "कुणी दाबली ती?" मी म्हणालो, बारीक धक्का असेल, इथे चालतंच. पुढे मंगळवारी मी वेधशाळेत जाऊन नोंद बघितली. त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत कोयनेत एकही धक्का नव्हता.

सहाची सांगली गाडी मला धरायची होती. सोमवारी घरी पाहुणे येणार होते. ताटलीभर उपमा उभ्यानंच खाऊन मी स्टँडवर पोचलो तर कार्यक्रमाची सगळी गर्दी तिथे. गाडी वळतानाच मी एक उघडी खिडकी साधून रुमाल आत टाकला आणि निवांतपणे रेटारेटीत चढलो. माझा रुमाल पडला होता तो नेमका हिंदुरावांच्या शेजारी. ते कडेच्या जागेवर, खिडकीची जागा रिकामी, तिच्यावर माझा रुमाल. नियमानं ती माझीच होती. मला बघून हिंदुरावांनी रुमाल उचलला, त्याची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"सायेब, हितं मानूस हाय," ते म्हणाले.

मी रुमाल खिशात घातला.

कंडक्टर आला. हा कंडक्टर एका शेळीच्या तिकिटावरून तासभर भांडणारा माणूस, मी त्याला ओळखतो. "दोन मलकापूर," हिंदुराव म्हणाले. "दुसरं कोन?" त्यानं विचारलं. हिंदुरावांनी नुसतं खिडकीकडे बघितलं. कंडक्टरनंही बघितलं. मग त्यानं मुकाट्यानं दोन तिकिटं फाडली.

गाडी पायरीपर्यंत भरलेली होती. माणसं एकमेकांच्या अंगावर होती, एका बाईच्या कडेवर मूल होतं, तरी त्या जागेवर कुणी बसलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. थंडीनं सगळ्या काचा धुरकट झाल्या होत्या. त्या एका खिडकीची काच तेवढी पुसलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिंदुराव हळू आवाजात काहीतरी सांगत होते. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. सत्तावीस वर्षांचं बोलणं होतं ते, माझं त्यात काही नव्हतं.

मलकापूरला गाडी थांबली. हिंदुराव आधी उतरले, पायरीपाशी वळले आणि वर हात केला. "सावकास," म्हणाले. तो भांडकुदळ कंडक्टर दाराशी अंग चोरून उभा राहिला. त्यानं घंटी मारली नाही, हिंदुरावांनी मान हलवेपर्यंत थांबला आणि मग मारली.

त्या जागेवर आता खरोखरच कुणी नव्हतं. मागच्या एका गृहस्थांनी मला बसा म्हणून खूणही केली. मी सांगलीपर्यंत उभाच आलो.